खोटे पकडण्याची कसोटी : दिव्यापासून यंत्रापर्यंत

मंडळी, एक जुनी गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. एका सावकाराच्या वाड्यात चोरी झाली. वाड्यात गडीमाणसे दहा. चोर त्यांच्यातलाच, पण कोण ते कळेना. तेव्हा गावातल्या एका शहाण्या माणसाने दहाही जणांना सारख्या लांबीच्या काड्या वाटल्या आणि सांगितले, "रात्री उशाशी ठेवून निजा. जो चोर असेल त्याची काडी सकाळपर्यंत बोटभर वाढेल." सकाळी काड्या मोजल्या. नऊ जशाच्या तशा होत्या. दहावी बोटभर आखूड निघाली. काडी वाढेल या धास्तीने चोराने ती रात्रीच मोडून ठेवली होती!

गोष्ट मोठी गमतीची आहे. कितीतरी गुरुजींनी ती वर्गात सांगितली असेल, आणि एखाद्या पोराची पेन्सिल हरवली तेव्हा काड्या वाटूनही पाहिल्या असतील. पण गुरुजी, एक विचारतो. वर्गात एखादे भित्रे पोर असतेच. त्याने काही घेतलेले नसते, पण रात्री त्याच्या मनात येते, "माझीच काडी वाढली तर?" त्याने भीतीपोटी काडी मोडली, तर सकाळी चोर कोण ठरेल?

आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे. खोटे पकडण्याची कसोटी माणूस हजारो वर्षे शोधतो आहे. कधी ती विस्तवात शोधली, कधी तांदळात, कधी विजेच्या यंत्रात. आणि प्रत्येक वेळी न्यायासनापुढे तोच प्रश्न उभा राहिला : ही कसोटी खोटेपणा मोजते, की भीती मोजते?

प्रथम आपल्या जुन्या न्यायपद्धतीकडे पाहू. परभणीच्या दक्षिणेला बिदर जिल्ह्यात बसवकल्याण नावाचे गाव आहे. हे पूर्वीचे कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तेथे सहावा विक्रमादित्य राज्य करीत असताना, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. पुढे शेकडो वर्षे आपल्याकडचे वारसाचे आणि वाटणीचे तंटे याच ग्रंथाच्या आधाराने सुटत आले. या स्मृतीत दिव्यांचे प्रकरण आहे. दिव्य म्हणजे देवाला साक्षी ठेवून घ्यायची परीक्षा. तराजू, अग्नी, पाणी, विष आणि देवाचे तीर्थ अशी पाच दिव्ये त्यात सांगितली आहेत. आरोपीला तराजूत दोनदा तोलायचे, तापलेला लोखंडी गोळा हातावर घेऊन चालायला लावायचे, पाण्यात बुडी मारायला लावायचे, असा तो प्रकार. चोरीच्या आळासाठी तांदळाचेही दिव्य होते. संशयितांना तांदूळ चघळायला देत आणि थुंकायला सांगत. ज्याच्या तोंडून रक्त आले, तो दोषी.

या तांदळाच्या दिव्यात एक शास्त्रीय धागा आहे, बरं का. माणूस घाबरला की त्याच्या तोंडाला कोरड पडते. कोरड्या तोंडाने तांदूळ चघळले, तर ते नीट ओले होत नाहीत, हिरड्यांना टोचतात. म्हणजे जुन्या लोकांनी शरीराची खूण ओळखली होती. पण ही खूण भीतीची झाली. चोराला भीती असतेच, आणि ज्याच्यावर खोटा आळ आला आहे त्या गरिबाला ती चोराहून कमी असते असे कोण म्हणेल?

मराठेशाहीतही दिव्य होते. देशमुखी, पाटीलकी, कुळकर्ण यांच्या वतनांचे तंटे गोतसभेपुढे येत. साक्षी-पुराव्याने निवाडा होईना, तर रवा काढायचा. कढत तेला-तुपाच्या भांड्यातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हाताला पिशवी बांधून त्यावर मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी ती उघडून हात पाहायचा. हात शाबूत तर माणूस खरा, भाजला तर खोटा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वतनाचा निकाल एका हाताच्या कातडीवर लागत असे.

पण याज्ञवल्क्याने घातलेला एक दंडक आपण विसरतो. तो सांगतो की आधी लेख पाहा, मग भोगवटा पाहा, मग साक्षीदार पाहा. यांतले काहीच नसेल तरच दिव्याकडे वळा. म्हणजे ज्या शास्त्राने दिव्य सांगितले, त्यानेही ते शेवटच्या पायरीवर ठेवले होते. ही गोष्ट मनात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता यंत्राकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टराने संशयिताच्या नाडीतले फरक यंत्राने मोजून पाहिले. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत मार्स्टन याने रक्तदाबाचा उपयोग करून पाहिला. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावच्या पोलिसखात्यातील जॉन लार्सन याने रक्तदाब आणि श्वास यांची एकाच वेळी सतत नोंद घेणारे यंत्र जुळवले. यालाच पुढे पॉलिग्राफ म्हणजे पुष्कळ रेघा काढणारे यंत्र असे नाव पडले. वर्तमानपत्रांनी त्याला 'लाय डिटेक्टर', खोटे पकडणारे यंत्र म्हटले, आणि घोटाळा या नावापासूनच सुरू झाला.

कारण हे यंत्र खोटे पकडत नाही. छातीला आणि पोटाला नळ्या बांधतात, त्यांतून श्वास कळतो. दंडाला पट्टा असतो, त्यातून रक्तदाब आणि नाडी कळते. बोटांना पत्र्या लावतात, त्यांतून घाम किती सुटला ते कळते. मग प्रश्न विचारतात. काही साधे : "तुमचे नाव अमुक का?" काही मुद्द्याचे : "त्या रात्री तुम्ही मळ्यात होता का?" कोणत्या प्रश्नाला रेघ उसळली ते पाहून परीक्षक अनुमान काढतो. यंत्र दाखवते ती फक्त उसळी. ती अपराधाची, रागाची, लाजेची की निव्वळ घाबरगुंडीची, हे यंत्राला ठाऊक नसते. ते सांगतो परीक्षक, आणि परीक्षक म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच चुकणारा माणूस.

अमेरिकेतल्या न्यायालयाने हे फार लवकर ओळखले. १९२३ मध्ये फ्राय नावाच्या आरोपीच्या खटल्यात मार्स्टनच्या चाचणीचा पुरावा पुढे आला, तेव्हा त्या विषयातील शास्त्रज्ञांमध्येच ही पद्धत अजून मान्य झालेली नाही, असे म्हणून न्यायालयाने तो नाकारला. ज्याने यंत्र जुळवले तो लार्सनही पुढे त्याचा वापर पाहून नाराज झाला.

आता आपल्या देशाचा कायदा. १८७२ च्या पुरावा कायद्याने एक भिंत घातली होती : पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. मात्र आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू, समजा विहिरीत टाकलेली कुऱ्हाड, खरोखर सापडली, तर तेवढा भाग चालेल. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. पण ही भिंत त्यातही तशीच उभी आहे. शिवाय १९५० मध्ये आपल्या राज्यघटनेने विसाव्या कलमात सांगितले की कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही.

मग अंगठ्याचा ठसा घेणे ही सक्ती नाही काय? हा प्रश्न आपल्याच त्या वेळच्या मुंबई राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९६१ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने काठी कालू ओघड खटल्यात त्याचे उत्तर दिले. अंगठा ही शरीराची खूण आहे. ती मनातली माहिती नव्हे, आणि माणसाच्या इच्छेने ती बदलतही नाही. म्हणून ठसा घेता येतो. पण माणसाच्या मनात जे आहे ते बळजबरीने बोलवून घेता येत नाही. सोप्या बोलीत सांगायचे तर अंगठा घेता येतो, जबान घेता येत नाही.

आता मी तुम्हांला आपल्याच जिल्ह्यातल्या मानवतला नेतो. थोरल्या मंडळींना ती वर्षे आठवत असतील. बहात्तरचा दुष्काळ पडला होता. खडी फोडायला गावेच्या गावे बाहेर पडली होती. आणि त्याच नोव्हेंबर १९७२ पासून जानेवारी १९७४ पर्यंत मानवतमध्ये एकामागून एक लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या. गुप्तधन मिळावे, संतती व्हावी यासाठी बळी दिले जात आहेत, असे पुढे तपासात आले. पाणवठ्याला जाणाऱ्या लेकी एकट्या जाईनात. ज्याच्या-त्याच्यावर संशय, घरोघरी कुजबुज. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे नामांकित पोलीस अधिकारी तपासासाठी आले. खटला परभणीच्या सत्र न्यायालयात उभा राहिला आणि तेथून वर चढत १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी काही आरोपींची शिक्षा कायम राहिली, काही सुटले.

तुम्ही म्हणाल, यंत्राच्या गोष्टीत मानवत कशाला? सांगतो. या खटल्याचा पुष्कळसा भार माफीच्या साक्षीदारांवर आणि कबुलीजबाबांवर होता. सर्वोच्च न्यायालयाला प्रत्येक कबुली पारखून घ्यावी लागली. आरोपीला विचार करायला वेळ दिला होता का, कबुली दिलीच पाहिजे असे नाही हे त्याला नीट समजावले होते का, हे सारे तपासावे लागले. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याची जोड हवी, हेही न्यायालयाने पुन्हा बजावले. आणि पोलिसांना एक कानमंत्र दिला, तो सोन्याच्या तोलाचा आहे. त्याचा आशय असा : कबुली हा उकल करण्याचा जवळचा रस्ता नेहमी ठरत नाही. तपास कबुलीपासून सुरू करू नका. तपास करीत करीत तिथपर्यंत पोहोचा. कबुली हाती आली की तपासातला उत्साह मावळतो, खरे धागे हातचे निसटतात. आणि पुढे कबुली कायद्यात बसली नाही, की सगळा खटलाच कोसळतो.

लेकी गेल्या त्या आईबापांच्या बाजूने हा विचार करून पाहा. त्यांना कोणीतरी फासावर गेलेला पाहायचा नव्हता, ज्याने केले तो गेलेला पाहायचा होता. जवळच्या रस्त्याने गेले तर दोन अन्याय होतात : निर्दोष अडकतो आणि खरा अपराधी मोकळा सुटतो. याज्ञवल्क्याने दिव्य शेवटी ठेवले ते याच भीतीने. त्याचा दंडक आणि सर्वोच्च न्यायालयाचा हा मंत्र, दोहोंचा अर्थ एकच : आधी पुरावा, मग बाकीचे.

पण जवळच्या रस्त्याचा मोह सुटत नाही. एकविसावे शतक उजाडले तेव्हा तीन नवी साधने तपासात शिरली होती. एक आपला पॉलिग्राफ. दुसरी नार्को चाचणी. हिच्यात पेंटोथाल नावाचे भुलीचे औषध नसेतून देऊन माणसाला अर्धवट गुंगीत बोलते करतात. तिसरी मेंदूची चाचणी; डोक्याला तारा लावून, गुन्ह्याची वाक्ये किंवा चित्रे पुढे आली की मेंदूतल्या विजेच्या लहरी कशा बदलतात ते पाहायचे. बनावट मुद्रांकांचा मोठा घोटाळा महाराष्ट्रात गाजत होता, तेव्हा त्यातल्या आरोपींवर या चाचण्या करायच्या की नाही, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. मार्च २००४ मध्ये न्यायालयाने त्यांना मान्यता दिली. पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी यांत आरोपी काही निवेदन करतच नाही. आणि नार्कोत तो जे बोलेल ते त्याच्याविरुद्ध जाते की नाही हे बोलल्यानंतरच कळेल, असा त्या निकालाचा रोख होता. मग चाचण्यांना ऊत आला. गुंगीत बडबडणाऱ्या आरोपींच्या चित्रफिती दूरचित्रवाणीवर घरोघरी दिसू लागल्या. खटला उभा राहण्याआधीच लोक निकाल देऊ लागले.

२००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या चाचणीचा अहवालही ग्राह्य धरला आणि जन्मठेप दिली. जगभरच्या शास्त्रज्ञांचे कान टवकारले गेले. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने मात्र सांगितले की या मेंदूच्या चाचण्या शास्त्राच्या कसोटीला अजून उतरलेल्या नाहीत; न्यायालयात पुरावा म्हणून त्या वापरू नयेत.

शेवटी ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश बालकृष्णन, न्यायमूर्ती रवींद्रन आणि न्यायमूर्ती पांचाळ यांचे ते पीठ होते. निकाल स्पष्ट होता. पॉलिग्राफ, नार्को किंवा मेंदूची चाचणी कोणावरही, मग तो आरोपी असो, संशयित असो की साक्षीदार, त्याच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. बोलायचे की गप्प राहायचे, ही निवड माणसाची स्वतःची आहे. औषध देऊन किंवा तारा लावून ती हिरावणे म्हणजे त्याच्या मनाच्या उंबरठ्याच्या आत बळजबरीने शिरणे होय. १९६१ चा धागा येथे पुरा झाला : अंगठा घेता येतो, जबान घेता येत नाही, आणि मनही घेता येत नाही.

मग या चाचण्या बंद झाल्या काय? नाही. माणूस राजीखुशीने तयार असेल तर त्या करता येतात. पण त्यासाठी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये घालून दिलेले नियम पाळावे लागतात. वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे. चाचणीचा शरीरावर, मनावर आणि कायद्यात काय परिणाम होतो ते पोलिसांनी आणि वकिलाने समजावले पाहिजे. संमती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवली पाहिजे. आणि एवढे करूनही चाचणीचा अहवाल हा पुरावा होत नाही. चाचणीतून मिळालेल्या माहितीवरून नंतर एखादी वस्तू खरोखर सापडली, तर तेवढीच पुराव्यात येते. जून २०२५ मध्ये बिहारातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व पुन्हा बजावले, आणि जोडून असेही सांगितले की "माझी नार्को चाचणी कराच" अशी मागणी करण्याचा आरोपीला बिनशर्त हक्क नाही.

शिक्षक मित्रांनो, वर्गात करता येईल असे एक गणित सांगतो. समजा, एका वस्तीवर शंभर माणसे आहेत आणि त्यांतला एकच अपराधी आहे. समजा, यंत्र शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर सांगते. शंभरही जणांची चाचणी केली. अपराधी बहुधा सापडेल, हे कबूल. पण उरलेल्या नव्व्याण्णव निर्दोषांपैकी दहाव्या हिश्शाच्या बाबतीत यंत्र चुकेल, म्हणजे सुमारे दहा निर्दोष माणसे दोषी दिसतील. यंत्राने बोट दाखवलेल्या अकरा जणांत दहा निरपराध! शंभरात नव्वद म्हणजे परीक्षेत पहिला वर्ग. पण न्यायाच्या परीक्षेत तो नापास. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये याच तऱ्हेच्या हिशेबाने सरसकट चाचण्यांविरुद्ध इशारा दिला होता.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, "आम्हां शेतकऱ्यांचा याच्याशी काय संबंध?" संबंध आहे, मंडळी. गावात मोटार चोरीला जाते, गोठ्यातून बैल जातो, कोणाच्या कपाटातून दागिना जातो. मग कोणी म्हणतो, अमक्या बाबाकडे जाऊन अंजन पाहू. कोणी म्हणतो, वाटी फिरवू. वाटी थांबते ती बहुधा गावातल्या सर्वांत गरिबाच्या, नाहीतर ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याच दारात! हेही दिव्यच आहे, फक्त त्याला मिताक्षरेचा दंडक नाही. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ मध्ये कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटाटोप केला, आणि त्यांची हत्या झाल्यावर तो झाला. मानवतचा जिल्हा म्हणून त्याची आठवण आपण इतरांपेक्षा जास्त ठेवली पाहिजे.

आणि उद्या चौकशीसाठी बोलावून तुम्हांला कोणी म्हणाले, "खरे बोलतोस ना? मग यंत्राला कशाला भितोस? कर सही," तर गोंधळू नका. नकार देणे हा तुमचा हक्क आहे. नकार म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. धाकाने घेतलेली सही ही संमती नव्हे. वकिलाचे पैसे परवडत नसतील, तर परभणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याला त्याची समिती आहे. कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तेथून विनामूल्य वकील मिळतो. गावातल्या शिक्षकाने एवढे चार शब्द वेळेवर सांगितले, तरी एखादे घर वाचते.

याचा अर्थ विज्ञान नको असा नाही. रक्ताचा डाग, बोटाचा ठसा, विषाचा अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा आपल्या राज्यात मुंबई, नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. जवळ नांदेडलाही आहे. त्यांचा उपयोग जितका होईल तितका थोडा. डाग घाबरत नाही, ठशाला घाम फुटत नाही. पण ते टिकतात ते गुन्ह्याची जागा न तुडवता जपली तरच. गावात असा प्रसंग आला, तर पोलीस येईपर्यंत तेवढी जागा मोकळी ठेवणे हे आपले काम आहे. न्यायाला खरी मदत तेथून सुरू होते.

आता सुरुवातीच्या काडीकडे परत येऊ. गुरुजी, पुढल्या खेपेला वर्गात पेन्सिल हरवली, तर काड्या वाटू नका. आधी बाकाखाली पाहा, दप्तरे झटकायला सांगा, शेजारच्या मुलांना विचारा. आणि गोष्ट सांगायचीच असेल, तर चोराच्या काडीबरोबर त्या भित्र्या पोराच्या काडीचीही सांगा.